आधी कागद, मग इंजिन

दिवाळीपूर्वी गोदामाची झाडझूड निघाली की आपल्यापैकी अनेक घरांत एक जुना विषय नव्याने निघतो. पोत्यांच्या थप्पीमागे, ताडपत्रीखाली, टायरमधील हवा केव्हाच गेलेली एक राजदूत किंवा येझदी उभी असते. थोरल्यांचे म्हणणे असे की भंगारवाल्याला बोलावून जागा मोकळी करावी. मोंढ्यालगतची चार फूट फरशीही आज मोलाची आहे. घरातील एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा म्हणतो, “आजोबांची गाडी आहे, मी ती चालू करतो.” त्याच्या मोबाईलमध्ये अशाच एखाद्या गाडीचे छायाचित्र तयार असते. तिचे मडगार्ड कापलेले, हँडल रुंद, सायलेन्सर मोकळा आणि टाकी काळी कुळकुळीत असते. आई मध्यस्थी करते, वडील “परीक्षा झाल्यावर बघू” म्हणतात, आणि ताडपत्री पुन्हा ओढली जाते.

या सदराच्या वाचकांकडून हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत कानावर आला आहे, म्हणून या वेळी त्याचाच विचार करू. माझे मत आरंभीच सांगतो. मुलाला ती गाडी उभी करू द्यावी. मात्र पान्याला हात लावण्यापूर्वी त्याने कपाटातील फाइल उघडावी, आणि छायाचित्रातील गाडी व आरसी पुस्तकातील गाडी यांत अंतर किती, ते वडिलांसह बसून पाहावे.

या गाड्या आपल्या गोदामांत आल्या कशा, हेही नव्या पिढीला ठाऊक असावे. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीचा अपवाद सोडला तर जिल्ह्यातील व्यापार त्यापूर्वी ट्रक, एसटी आणि दुचाकी यांच्यावरच चालला. गेवराई, पाटोदा, आष्टी, शिरूर या बाजूंची उधारी वसूल करायची, नेकनूरच्या बाजाराला जायचे, मांजरसुंब्याचा घाट चढून केजकडे उतरायचे, तर एसटीच्या वेळेवर विसंबून भागत नसे. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही त्या काळची ओझ्याची गाडी. तिचा मूळ आराखडा पोलंडमधील एसएचएल गाडीचा, इंजिन १७३ सीसीचे व दोन स्ट्रोकचे. मागे कापडाची गाठ किंवा दुधाच्या दोन कॅन बांधल्या तरी ती कुरकुरत नसे. येझदी थोडी ऐटीची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत ती तयार होई. जावाच्या चेक आराखड्यावर उभी असलेली ही गाडी १९९६ मध्ये बंद पडली. शेजारच्या नगरच्या फिरोदिया परिवाराची लुना १९७२ मध्ये आली आणि आपल्या समाजाच्या एका घराण्याचे नाव गावोगावच्या पेढ्यांपुढे उभे राहिले. पुढे १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि एम-८० घरोघर झाली. ही शेवटची गाडी दिसायला कोणालाच आवडली नाही, पण तिने जेवढा किराणा वाहिला तेवढा कदाचित कोणत्याच देखण्या गाडीने वाहिला नसेल.

आता फाइल उघडू.

सर्वप्रथम आरसी पुस्तकावर नाव कोणाचे आहे ते पाहावे. आपल्या घरांत या बाबतीत एक सैलपणा आहे आणि तो चांगुलपणातून आलेला आहे. जुनी गाडी मुनीमजींना दिली, दुकानातील माणसाच्या लग्नात भेट म्हणून दिली, चुलतभावाने नेली. कागद मात्र “नंतर करू” म्हणून राहिला. ज्याला दिली त्याने आणखी कोणाला विकली. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला एक निकाल या संदर्भात प्रत्येक पेढीवर वाचला जावा असा आहे. एका गृहस्थाने २००७ मध्ये आपली मोटार विकली. पुढे ती आणखी काही हातांतून गेली, परंतु नोंदणीत नाव पहिल्याच गृहस्थाचे राहिले. मे २००९ मध्ये त्या मोटारीखाली सापडून एकाचा जीव गेला. मोटार त्या वेळी कोणाच्या ताब्यात होती, याविषयी न्यायालयासमोर संदिग्धता नव्हती. तरीही न्यायालयाने सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नुकसानभरपाईचे दायित्व त्याचेच. अपघातात सापडलेल्याच्या कुटुंबाने गाडीच्या एकामागून एका खरेदीदाराला शोधत फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

म्हणून गोदामातील गाडीपूर्वी, आपण देऊन टाकलेल्या गाड्यांची यादी करावी. विक्री किंवा भेट झाली असेल तर नमुना २९ आणि नमुना ३० भरून नाव बदलले गेले का, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहता येते. गाडी राज्यातल्या राज्यात दिली असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असा नियम आहे. ज्याला दिली तो विश्वासू आहे, हे या ठिकाणी पुरेसे नाही. त्याच्या मुलाच्या मित्राने गाडी नेली तर आपले नाव कोठे येते, एवढेच पाहायचे.

आजोबांची गाडी असेल आणि ते हयात नसतील, तर वाट वेगळी. मालकाच्या निधनाची सूचना ३० दिवसांत व वारसाच्या नावे करण्याचा अर्ज तीन महिन्यांत, नमुना ३१ मध्ये करायचा असतो. बहुतेक घरांत त्या दिवसांत दुकानाचा परवाना, बँकेची खाती आणि सातबारा यांची धावपळ असते. गाडी आठवत नाही. वर्षांनंतरही हे काम करता येते, पण मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची संमती आणि विलंबाचे शुल्क यांची तयारी ठेवावी. चार काका आणि दोन आत्या असलेल्या घरात सहा सह्या गोळा करणे हे पिस्टन बदलण्यापेक्षा जिकिरीचे असू शकते. आत्यांची सही गृहीत धरू नये. त्यांनाही त्या गाडीच्या टाकीवर बसून शाळेत गेल्याचे आठवत असते.

दुसरी गोष्ट मुदतीची. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १,००० रुपये झाले आणि विलंबाच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये लावण्याची तरतूद आली. तीन वर्षे उशीर झाला तर ३६ महिन्यांचे १०,८०० रुपये होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकींसाठी शुल्क २,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर त्याहून वेगळा. हे दर बदलत असतात, म्हणून आपल्या कार्यालयात, म्हणजे बीडच्या एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ कार्यालयात, त्या दिवसाचा दर विचारूनच हिशेब मांडावा. गाडी एमएच-२३ मालिकेच्या आधीच्या क्रमांकाची असेल तर तिची नोंद बहुधा संगणकात चढलेलीच नसते. मूळ पुस्तक दाखवून ती चढवून घ्यावी लागते. पुस्तकच हरवले असेल तर पोलिसांकडील नोंद आणि नमुना २६. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. तीही कागद जुळल्याशिवाय मिळत नाही.

गाडी घरची नसून बाहेरून घ्यायची असेल तर आणखी सावध राहावे. चासीवर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासावी आणि उमटलेले आकडे पुस्तकाशी ताडून पाहावेत. इंजिनाच्या क्रमांकाचेही तसेच. आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा नव्या वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, तेथून नमस्कार करून निघावे. पुस्तकावर एखाद्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा शिल्लक असेल, तर तो उतरल्याचा नमुना ३५ विकणाऱ्याकडूनच मागावा.

एवढे झाले की मुलाला पान्यांचा संच आणून द्यावा.

माझ्या मते या कामाचा खरा आनंद, आणि खरी शिकवण, गाडी खोलण्यात आहे. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारू नये. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटून सिलिंडरची भिंत ओरखडते. प्लग काढावा, त्या छिद्रातून थोडे तेल सोडावे, दोन दिवस तसेच राहू द्यावे, आणि मग गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हलकेच फिरवून पाहावे. पिस्टन सुटला तर अर्धी काळजी मिटली. सुटला नाही तर हेड उघडावे लागेल, त्यात घाबरण्याचे कारण नाही.

खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या पुडीत बांधून वर नाव लिहावे. किराणा दुकानाच्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. चारशे जिनसांचे दुकान ज्या शिस्तीने चालते तीच येथे लागते. गॅरेजमधील गोंधळलेल्या मुलांत आणि आपल्या मुलांत फरक पडला तर तो याच ठिकाणी पडावा.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात झडपा नसतात, भाग थोडे असतात, म्हणून शिकण्यासाठी ते उत्तम. पण त्याची एक नाजूक जागा असते, क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील. उभ्या गाडीत त्यांचे रबर वाळून कडक होते. मग इंजिन एका बाजूने हवा ओढते, दुसरीकडून गिअरबॉक्समधील तेल ओढते, आणि गाडी भरभरून पांढरा धूर सोडते. कार्बोरेटर तीनदा साफ करूनही गाडी नीट चालत नसेल तर दोष अनेकदा येथे सापडतो. सील स्वस्त असतात. ते बदलण्यासाठी इंजिन उघडावे लागते, मजुरी त्याची असते. म्हणून इंजिन एकदा खोलले की सील, बेअरिंगे आणि गॅस्केट सर्व नवीन घालून टाकावेत. त्यात काटकसर करणारा तेच काम वर्षभरात दोनदा करतो.

कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे बेअरिंग खिळखिळे झाले असेल तर क्रँक दाबयंत्रावर उघडून, नवा पिन व बेअरिंग बसवून, लेथवर डायलगेजने सरळ करावी लागते. येथे चूक मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते आणि तिची किंमत पूर्ण इंजिनाची. हे काम मुलाने करू नये. चांगल्या लेथवाल्याकडे न्यावे आणि शेजारी बसून पाहावे. सिलिंडर झिजला असेल तर तो पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठा करून त्या मापाचा पिस्टन बसवितात. येझदीचा मूळ पिस्टन ६५ मिमीचा. आपल्या गाडीचे सिलिंडर पूर्वी किती वेळा मोठे झाले आहे, हे पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या आकड्यावरून कळते. शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचले असेल तर नवे स्लीव्ह बसवावे लागते. हा आकडा वाचूनच खर्चाचा अंदाज करावा.

येझदीची एक गंमत मुलाला अवश्य दाखवावी. तिची किक आणि गिअर यांचा दांडा एकच. उभा केला की किक, आडवा दाबून पुढे केला की गिअर. बाकी गाड्या शिकलेला माणूस तिच्यावर बसला की सिग्नलला घाम फुटतो.

टाकीविषयी मात्र गंमत नको. आतला गंज काढण्यासाठी टाकीत जुने नट आणि साबणाचे पाणी घालून खळखळवावे, पुन्हा पुन्हा धुवावे, उन्हात वाळवून लगेच तेलाचा हात फिरवावा. तिला छिद्र असेल तर घरी किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊन “एक टाका मारून द्या” म्हणू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, ठिणगी पडली की टाकी फुटते, माणूस मरतो. ज्याला टाकी वाफेने धुऊन, पाणी भरून काम करण्याची सवय आहे, अशाच कारागिराकडे ते द्यावे. तसेच जुन्या ब्रेकच्या शूंमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आतील धूळ फुंकू नये किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. गॅरेजमधील लहान पोरे हीच धूळ वर्षानुवर्षे फुंकत आली आहेत, हे आपण पाहतो आणि पुढे जातो.

पेट्रोलही आता जुने राहिलेले नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. ते ज्या मळीपासून आणि उसाच्या रसापासून बनते, तो ऊस आपल्याच जिल्ह्यातून गेलेल्या तोडणी कामगारांनी तोडलेला असतो, हा भाग वेगळा. एथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ज्या काळात या गाड्या घडल्या त्या काळातील रबराच्या नळ्या आणि कॉर्कची गॅस्केटे त्याला टिकत नाहीत, फुगतात किंवा चिरतात. नळ्या एथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात, कार्बोरेटरचे सील बदलावेत, आणि पावसाळ्यात टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी करू नये. खाली पाणी साठते आणि गेल्या वर्षी काढलेला गंज परत येतो.

एवढ्यावर गाडी चालू होते. आता मुलाच्या मोबाईलमधील त्या छायाचित्राकडे वळू.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. “प्रत्येक बदलामागे” हे शब्द व्यापाऱ्याच्या कानाला लगेच कळतात. चासी कापली, इंजिन दुसऱ्या जातीचे बसविले, चाकांचे माप बदलले, की मोजणी सुरू होते. मोकळ्या सायलेन्सरचा दंड निराळा, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत, आणि परवाना तीन महिने अपात्र ठरू शकतो. त्यात आपल्या सुभाष रोडवर रात्री दहानंतर असा सायलेन्सर वाजवीत जाणाऱ्याला दंड झाला तर मला व्यक्तिशः वाईट वाटत नाही. दवाखान्यात झोपलेल्या माणसाला त्या आवाजातली कलाकुसर कळत नसते.

विम्याचाही विचार करावा. बदल कळविला नसेल तर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास कंपनीला कारण मिळते. आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या धाकट्याने “फक्त गल्लीत एक चक्कर” म्हणून ही गाडी नेली आणि काही घडले, तर कलम १९९अ प्रमाणे पालकावर २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद येऊ शकते, गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द होते. जुनी गाडी घरात चालू झाली की किल्ली कोठे टांगायची, हा घरातील मोठ्यांचा प्रश्न आहे.

मग हाताने काही नवे घडविण्याची हौस वाईट का? मुळीच नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुट्या भागांतून, सुमारे ६० हजार रुपयांत, चार चाकांची एक छोटी गाडी घडविली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. त्याच दमात त्यांनी हेही लिहिले की ती नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या रस्त्यावर अडविली जाईल. त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली आणि ती किकची गाडी महिंद्रच्या संशोधन केंद्राकडे गेली. कौतुक आणि कायदा दोन्ही आपापल्या जागी राहिले. प्रत्येक घरी बोलेरो येणार नाही, हे उघड आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. सौराष्ट्रात अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया येथील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास जुन्या बुलेटचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा जोड आणि औत बसविले. दुष्काळी भागात बैलजोडी पोसणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी ही ‘बुलेट सांती’ शेतात चालू लागली. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला आणि त्यांच्या यंत्राला भारतात व अमेरिकेत पेटंट मिळाले. आष्टी-पाटोद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गाडी बदलायचीच असेल तर कोणाच्या गरजेसाठी, एवढे मनसुखभाईंना पक्के ठाऊक होते. बहुतेक रंगीबेरंगी गाड्यांच्या मालकांना ते ठाऊक नसते.

रस्त्यावर चालवायच्या गाडीत नियमात राहून करता येण्यासारखे कितीतरी आहे. मूळ मापाच्या रिमा व स्पोक नव्याने बसविणे, निकेलचा मुलामा, जुन्या पद्धतीची टाकीवरची रेघ, चांगला दिवा, आरामशीर सीट. आरसीवर रंगही लिहिलेला असतो, म्हणून रंग बदलायचाच असेल तर आधी कार्यालयात विचारून नोंद बदलून घ्यावी. सीट बांधणाऱ्याकडे गेल्यावर तो पहिल्यांदा चामड्याचा नमुना पुढे करतो, कारण चित्रांतील गाड्यांवर तेच असते. आपल्या घरातील मुलाने रेक्झिन मागावे. बीडच्या उन्हात तेच अधिक काळ टिकते, असे तेथील कारागीरही मान्य करतील.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळी वाट काढली आहे. अशा दुचाकीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक दहा वर्षांसाठी मिळू शकतो. अट अशी की चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठी फेरफार नसावी. ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालविता येत नाही, प्रदर्शन, फेरी अशा प्रसंगीच बाहेर काढावी लागते. म्हणजे ज्या आजोबांनी १९७२ मध्ये राजदूत घेतली आणि तिला काहीही केले नाही, त्यांचा आळस आज नातवाच्या कामी येतो. मडगार्ड कापणाऱ्याला ही वाट बंद.

राहिला खर्च. मुलाला एक वेगळी वही द्यावी आणि पहिल्या पानावर तीन रकमा लिहून घ्याव्यात: कागदांचा खर्च, इंजिनाचा, आणि बाहेरच्या रूपाचा. माझा अनुभव असा की पहिला आकडा कोणी धरतच नाही, दुसरा निम्माच धरतात, आणि तिसरा मनात असतो त्याच्या दुप्पट होतो. क्रम उलटा ठेवला, म्हणजे आधी रंग आणि मग इंजिन, तर चमकणारी बंद गाडी गोदामात उभी राहते. अशा गाड्या मी एकाहून अधिक पाहिल्या आहेत. पूर्ण खर्च लिहून झाल्यावर बाजारातील एखाद्या चांगल्या जुन्या गाडीच्या किमतीशी तो ताडावा. बहुधा तोट्याचाच सौदा निघेल. तो तोटा ठरवून पत्करायचा की नाही, हे वहीकडे पाहून ठरवावे, आजोबांच्या तसबिरीकडे पाहून ठरवू नये. एखाद्या घरात असेही ठरेल की ही गाडी चालू करायची आणि सध्याच्या चार दुचाकींपैकी दोन काढून टाकायच्या. परिग्रहाची मर्यादा घेतलेल्या घरांत तर हा हिशेब अधिक सोपा पडेल.

गॅरेजच्या उस्तादांविषयी शेवटी एक विनंती. आपल्याकडे या गाड्यांचे काम जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. पॉइंटमधील ०.४ मिमीच्या आसपासचे अंतर ते नजरेने लावतात आणि मापून पाहिले तर तेवढेच भरते. मुलाला त्यांच्याकडे सुटीतले दोन महिने पाठवावे, आणि पाठविताना वडिलांनी स्वतः जाऊन बोलावे. “आमचा मुलगा आपल्या हाताखाली शिकेल, आपण सांगाल ते करील” असे सांगावे. मजुरी ठरली असेल ती कामाच्या दिवशी द्यावी; पेढीच्या सवयीने महिनाअखेरीस लावू नये. उस्तादांनी सुट्या भागांची चिठ्ठी दिली की ती मुलाने स्वतः आणावी, म्हणजे कोणता भाग अस्सल आणि कोणता नावापुरता, हे हातात घेऊन कळते. मालाची पारख हा आपला जुना धंदा आहे. येथे फक्त माल बदलला.

गाडी सुरू झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर तिला दमवू नये. पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा किंचित अधिक ठेवावे, वेग ताशी चाळीसच्या आत असावा, मागे दुसरा माणूस बसवू नये, आणि दर काही किलोमीटरवर थांबून इंजिन निवू द्यावे. शहागडकडचा रस्ता सपाट आहे, पण सोलापूर-धुळे महामार्गावर ट्रक अंगावर येतात, म्हणून पहाटेची वेळ बरी. मांजरसुंब्याचा घाट पाचशे किलोमीटर पूर्ण झाल्यावर चढावा. चढण्यापूर्वी विमा आणि पीयूसीचा कागद सीटखालच्या पेटीत आहे ना, ते पाहावे.